ताबा देताना

सही झाली, तेक्ले, घर तुझं.
नळ कुठून गळतो ते तुला कळेलच.
बांबूचं मात्र सांगून जाते,
तो कागदात नाही.

नोदारने आणला होता, चाकवीच्या चहामळ्यातून,
ओल्या गोणपाटात गुंडाळलेली हातभर मुळी.
मी विचारलं, आलं आहे का हे?
म्हणाला, आडोसा.
गुरामच्या खिडकीतून आपलं ताट दिसतं.

तीन वर्षं काही हललं नाही.
मी धुण्याचं पाणी ओतायची तिथे, आणि विसरून जायची.
चौथ्या एप्रिलात एका रात्रीत सतरा कोंब,
तपकिरी, लव असलेले,
जमिनीखाली एखादा कळप उभा असावा
आणि नुसती शिंगं वर यावीत तसे.
नोदार अनवाणी, चहा न घेता, मोजत फिरत होता.

कोंब जेवढा जाड उगवतो तेवढाच राहतो.
नंतर फक्त उंच होतो.
पोसायचं ते आधी, दिसत नाही तेव्हा.
म्हणून खाली पडलेली पानं झाडू नकोस.
बायका म्हणतील, आळशी आहे. म्हणू देत.

नको तिथे आला तर सकाळीच बुटाने मोडायचा,
काकडी मोडल्यासारखा आवाज होतो.
दुपारपर्यंत थांबलीस तर दया येते,
आणि आठवड्याने कुऱ्हाड लागते.

मला एकदा आली होती दया.
तो गुरामच्या स्वयंपाकघरात फरशी उचलून निघाला,
चुलीशेजारी, सरळ.
दोन वर्षं गुराम आमच्याशी बोलला नाही.
तिसऱ्या वर्षी स्वतःच फावडं घेऊन आला.
दोघांनी कुंपणालगत मांडीइतका खोल चर खणला,
जुन्या छपराचे पत्रे उभे पुरले,
आणि एकाच बाटलीतून प्यायले,
तेही न बोलताच.
पत्र्याची कड वीतभर वर ठेवली आहे, मातीने बुजवू नकोस.
ऑक्टोबरात तिथे वाकून बघ.
उडी मारायला निघालेली मुळी तिथेच सापडते.

हे ठिपके पाहिलेस?
ज्या वर्षी उगवला त्या वर्षाचा रंग.
निळा, होडीला लावून उरलेला.
हिरवा फाटकाचा.
चार वर्षांच्या आतला कापायचा नाही, कीड लागते.
शेवटची दोन वर्षं गुलाबी आहेत, ती माझी.
सुनेने पोलंडहून नखांचा रंग पाठवला होता.
मी कुठे लावणार?

आता हिवाळ्याचं.
आपला बर्फ ओला असतो, समुद्राजवळचा, जड.
रात्री तडतड ऐकू आली तर अंथरुणात पडून राहू नकोस.
नोदार गेला त्या जानेवारीत मी पडून राहिले होते,
चाळीस दिवसही झाले नव्हते.
मोडू दे, म्हटलं, सगळंच.
मग एक मोडला. त्याचा आवाज मला सहन झाला नाही.
त्याचाच कोट घालून, लांब दांड्याचा झाडू घेऊन गेले.
सगळं बेट जमिनीला टेकलेलं,
शेंडे बर्फात रुतलेले.
पहिल्याला हलवलं, तो सणकन उभा राहिला
आणि घमेलंभर बर्फ माझ्या तोंडावर.
मी हसले, तेक्ले.
काळ्या कपड्यांत, मध्यरात्री, मोठ्याने.
गुरामच्या घरातला दिवा लागला,
आणि थोड्या वेळाने विझला.

झाडू दाराआड आहे.
तुला हवं तर सगळं काढून टाक, मी येणार नाही बघायला.
पण काढलंस तर मुळापर्यंत काढ,
अर्धं काढलेलं त्याला कळत नाही.

आणि ठेवलंस तर,
मार्चमध्ये गुरामला दहा काठ्या द्यायच्या, घेवड्याच्या वेलांसाठी.
चर खणला तेव्हा ठरलं होतं तसं.
तो म्हणेल, यंदा बारीक आहेत.
दरवर्षी म्हणतो.
कुंपणाला टेकवून ठेव आणि आत ये.