सापळ्याची खोली

खोलीची किल्ली माझ्याकडे असते.
आधी तिथं मतदानाच्या पेट्या ठेवायचे,
मोडकी बाकं, गंजक्या लेझिमा,
आणि एका पायानं अधू झालेला
विज्ञानाचा सापळा.
बाकी सगळं हललं. सापळा राहिला,
कुठल्याच रजिस्टरात त्याची नोंद सापडली नाही.

दारावर पाटी आहे : समुपदेशन कक्ष.
पोरं म्हणतात, सापळ्याची खोली.
मला तेच बरं वाटतं.
'सापळ्याच्या खोलीत जाऊन आलो' म्हणायला
कुणाला लाज वाटत नाही.

डाबरे मॅडम वसईहून येतात.
चार शाळा, एक पिशवी,
आमच्या वडाळ्याच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार.
पोरांचं दुखणं वेळापत्रक बघून येत नाही.
शनिवारी घरी मार खाल्लेला
मंगळवारपर्यंत हसायला लागतो,
आणि ते हसू, मॅडम म्हणतात,
जास्त वाईट.

मी शिपाई. एकवीस वर्षं घंटा देते.
माझ्याकडे फॉर्म नाही, फाईल नाही,
पण मुलींच्या संडासात शेवटची कडी लागली
आणि नळ उगाच चालू राहिला
की आत कोण आहे ते मला कळतं.
आठवी ब मधली खरटमल
गणिताच्या तासाला पाणी प्यायला निघते.
हातातली बाटली भरलेली असते.
सातवीतला उवेस डबा खात नाही,
हे मला गेटावरच्या कुत्र्यांवरून कळलं,
फार माजली होती.

यातलं काही मी लिहून देत नाही.
चहाच्या कपाबरोबर मॅडमच्या टेबलावर ठेवते.
कुणी सांगितलं, असं त्या विचारत नाहीत.

एकदा बुधवारी
खरटमल त्या बंद दाराला टेकून बसलेली.
खिडकीतून मोनोरेल गेली,
चार डबे, आत तीन माणसं.
म्हटलं, मॅडम परवा येतील गं.
म्हणाली, माहितीय.
मग मी कुलूप काढलं.
नियमात बसतं की नाही कोण जाणे.
ती आत, मी उंबऱ्यात स्टुलावर,
मांडीवर रात्रीच्या भाजीचा लसूण.
सापळ्याशी ती काय बोलली
मला ऐकू आलं नाही.
खोटं कशाला, थोडं आलं.
ते इथं सांगणार नाही.
निघताना माझ्या शेजारी टेकली,
दोन पाकळ्या सोलल्या,
आणि इतिहासाच्या तासाला गेली.

शुक्रवारी मॅडमना एवढंच म्हटलं,
आज पहिली तिला बोलवा.

मार्चमध्ये वॉर्डातून साहेब आले.
लाभार्थी किती?
मॅडमनी आकडा दिला.
फरक काय पडला?
तो रकाना कोराच होता.
मी ताटलीत बिस्किटं मांडत होते, मनात म्हटलं,
साहेब, खरटमलची बाटली आता
तिसऱ्या तासाला रिकामी असते.
म्हणजे खरंच तहान लागते.
पण हे कुठल्या रकान्यात घालायचं?

माझा भूषण दहावीला दोनदा बसला.
तेव्हा या खोलीत पेट्या होत्या.
आता नालासोपाऱ्याला असतो, स्वतःची रिक्षा,
बायको गुणाची आहे.
फोनवर 'हं' म्हणतो.
जेवलास? हं.
बरा आहेस ना? हं.
तो संडासात नळ सोडून बसायचा तेव्हा
मी बाहेरून ओरडायचे, पाणी संपेल.

गेल्या शुक्रवारी मॅडम पिशवी भरत होत्या.
समोरची खुर्ची डुगडुगते म्हणून
मी खाली वाकून पाचर मारत होते.
म्हणाल्या, बसून बघा ना, अजून हलते का.

बसले.
हलत नव्हती.
मॅडमनी खांद्यावरची पिशवी
पुन्हा खाली ठेवली.

त्या दिवशी शाळा
नऊ मिनिटं उशिरा सुटली.