एक कड

मे महिन्यात जिंतूर रोडचं डांबर चपलेला चिकटतं
आणि जुन्या गाड्यांचं पेट्रोल पाइपातच उकळतं.
मग पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं.
टँकर आठ दिवसांनी यायचा तेव्हाही
ख्वाजामिया तांब्या पिण्याच्या घागरीतच बुडवायचे.
"उसकू भी प्यास लगती," म्हणायचे.

पाथरीकर वकिलांची मॉरिस मायनर,
छप्पन सालची, वापरून गोल झालेल्या साबणाच्या वडीसारखी,
चार पोरांनी ढकलत आणली.
मागं छत्री धरून वकीलबाई.
"विकली. उद्या पुण्याचा माणूस ट्रक घेऊन यायलाय.
ट्रकवर तिनं आपल्या पायानं चढावं,
एवढंच करा."

ख्वाजामियांनी मान हलवली.
ऐकू आलं की नाही, कोण जाणे.
डावा कान आधीच गेलेला,
उजवा थेंबाथेंबानं चाललेला,
फ्लोटचा वॉशर झिजावा तसा.

जगात जर्मनी, भारतात परभणी, आम्ही म्हणतो.
कार्बोरेटर इंग्लंडचा होता,
त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.
वाटी उघडली तर तळाला विटकरी गाळ
आणि एक मेलेली मुंगी, पाय पोटाशी घेतलेली.
मी जेटमध्ये तार घालणार, तोच मनगटावर चापट.
"तार नक्को, सोपान. फुंक."
फुंकलं.
त्या दिवशी भाकरीलाही पेट्रोलची चव.

पिस्टन बोटानं उचलून सोडायचा,
सावकाश उतरून टक् करून बसला पाहिजे.
बसला.
ते टक् मी कानानं ऐकलं,
त्यांनी नखानं.

तिसऱ्या हाफला इंजिन पेटलं,
काळा धूर, लिंबावरचे कावळे उठले.
ख्वाजामियांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कार्बोरेटरला टेकवलं,
मूठ जबड्याच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
मी कितीतरी वेळ त्यांच्या गालावरची शीर बघत राहिलो,
गाडीच्या ठोक्यानं उडणारी.

पिस्टन केसभर उचलून बघायचं,
इंजिन पळत सुटलं तर पेट्रोल जास्त,
गुदमरलं तर कमी,
जरासं दचकून पुन्हा आपल्या चालीवर आलं
तर बरोबर.
(पुढं हे मी माणसांवर करून पाहिलं.
माणसांत जमत नाही.)
खाली सहा कडांचा नट.
एका वेळी एकच कड फिरवायची, मग थांबायचं,
पुन्हा जबडा, पुन्हा डोळे बंद.
चौथ्या कडेला ती अशी चालायला लागली
की बोनेटवर ठेवलेल्या चहाला
नुसती एक साय थरथरत होती.

वकीलबाईंनी छत्री मिटली.

"आता जायलीय कुठं?" त्यांनी मला विचारलं.
ओरडून भागेना, म्हणून बोनेटच्या धुळीत
बोटानं लिहिलं: पुणे.
त्यांनी ते अक्षर अक्षर वाचलं.
पुणे त्यांनी पाहिलेलं नव्हतं.
तरी थोडा वेळ असे उभे राहिले
जसं नाकानं तिकडची हवा ओढून बघतायत.
"उधर ठंडा रहता."
आणि नट आणखी एक कड खाली उतरवला.

लागलीच गाडी अडखळायला लागली,
आमच्या उन्हात जड, भुरभुरत.
"अहो, बिघडली की," बाई म्हणाल्या.
माझ्या ओठांकडं बघून त्यांनी ओळखलं.
"बिघडली नाही बाई.
जरा अगोदर पोचली."

पैसे किती घेतले ते आठवत नाही.
हाताला पुसायला रॉकेल दिलं, ते आठवतं.

दुसऱ्या दिवशी फळ्या लावल्या,
दोनदा खोकून ती आपल्या पायानं चढली.
पोरं टाळ्या वाजवत होती.
ख्वाजामिया पाठमोरे उकिडवे बसलेले,
एका मोटारसायकलची चेन ताणत.
ट्रक हलला तसा मी हाक मारायला वळलो.
चेन तशीच लोंबकळत होती.
स्क्रूड्रायव्हरचं टोक जमिनीला टेकलेलं,
मूठ जबड्याला.