लागू नाही

धुराड्याची उंची, मीटरमध्ये.
पहिल्याच रकान्यात अडते मी.
आमच्याकडे धुराडं नाही.
कागलच्या पलीकडल्या बंद खाणीत
पोलादी नळा आडवा आवळलेला असतो चौथऱ्याला,
तोंड कातळाकडे,
आणि तो अकरा सेकंद ओरडतो.

प्रपत्र केलंय ओतशाळांसाठी, गुऱ्हाळांसाठी,
जी पेटतात आणि पेटलेलीच राहतात.
दैनिक कामकाजाचे तास?
शून्य दशांश शून्य शून्य तीन, लिहिते मी.
हसू येतं, पण खोडत नाही.
हिशेब बरोबर आहे.

नळा कातला उद्यमनगरात, रवळू लोहाराच्या लेथवर,
जन्मभर ऑईल इंजिनाचे पार्ट केलेला माणूस.
"वर जाणार म्हनं ह्ये?"
एवढंच विचारलं त्यानं पैसे मोजताना,
आणि शंभराची एक नोट माझ्याकडे सरकवली परत.

चाचणी क्रमांक सात.
मार्गशीर्षातली सकाळ, सहा पन्नास.
दव जड, वारा पूर्वेचा, नावापुरता.
आम्ही टाळ्या पिटल्या. मीही.
घसा दाटून आला होता माझा, त्याला रकाना नाही.
पांढरा ढग उठला, घुटमळला,
मग कुणी हाक मारल्यासारखा वळला
आणि कुंपण ओलांडून वस्तीकडे गेला.

इंधन : चाळीस किलो.
त्यातून हायड्रोजन क्लोराईड : साडेआठ किलो.
कालावधी : अकरा सेकंद.
इथवर आकडे मला घाबरवतात.
मग इंगवले साहेब म्हणतात, चोवीस तासांची सरासरी काढा,
आणि मी भागाकार करते
रात्रीने, दुपारच्या झोपेने,
ज्या तासांत खाणीत फक्त टिटवी होती त्या तासांनी,
आणि आकडा लहान होत होत
मर्यादेच्या आत जाऊन बसतो,
शहाण्या पोरासारखा, हाताची घडी घालून.

तिसऱ्या दिवशी पाकीट आलं.
आप्पालाल शिकलगार, हायस्कुलातल्या प्रयोगशाळेचे निवृत्त शिपाई.
चाळीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या त्यांनी.
पत्र चार ओळींचं. आत सात फुलं,
त्यांच्या कुंपणावरच्या गोकर्णीची,
निळी,
आणि निळ्यावर गुलाबी ठिपके,
दवाचा थेंब जिथे जिथे बसला असेल तिथे तिथे.
'बाईसाहेब, हा रोग नव्हे.
लिटमस आम्हाला ठाऊक आहे.'

साहेबांनी एक पाकळी उजेडात धरली.
"छान आहे," म्हणाले. खरंच म्हणाले.
मग, "पण मगदूम, पाकळीला युनिट काय?"

मला उत्तर आलं नाही.
लागू नाही, असं मी आतापर्यंत नऊ ठिकाणी लिहिलंय.

संध्याकाळी गेले त्यांच्याकडे.
भांडायची तयारी करून गेले होते, म्हणजे भांडून घ्यायची.
त्यांनी चहा दिला. तांब्या दाखवला,
अंगणात राहिलेला, कडेला हिरवा पडलेला.
चिंच लावली की निघतंय, म्हणाले.
मग म्हणाले,
"फुढची कधी हाय?
आदल्या दिशी फोन टाका फकस्त.
फुलं मठात जात्यात आमच्या हितनं, रोज.
रात्रीच तोडून ठिवीन. तांब्या आत घीन.
मागल्या घरात बाळंतीण हाय, तिला सांगीन."

इतकंच.
तीन प्रतींत, सहीशिक्क्यानिशी, तिमाही अहवाल
आम्ही वर पाठवतो, आणखी वर पाठवतो,
आणि वाऱ्याच्या दिशेला
दोनशे मीटरवर
एक फोन जात नाही.

नंबर लिहून घेतला मी, हाताशी होता त्याच कागदाच्या पाठीवर.
घरी आल्यावर बघते तर
ती प्रपत्राची मूळ प्रत, उद्या जमा करायची.
नवी छापता आली असती.

'इतर माहिती, असल्यास'
इथे लिहिलं : मागे पाहा.