कर नाही त्याला

खलीलशेठ हुर्जुक वीस वर्षं एकच म्हण वापरत आले:
कर नाही त्याला डर कशाला.
म्हणायचे आणि गल्ल्यावर बोटं वाजवून हसायचे.
शारजात, इंडस्ट्रियल एरिया दहामध्ये,
ब्रेकपॅड, फिल्टर, फॅनबेल्टच्या धंद्यात
ती म्हण अक्षरशः खरी होती.
हिशेब म्हणजे एक निळी वही
आणि शेठच्या डोक्यात असेल ते.

मग कर आला. शंभराला पाच.
शेठ म्हणाले, आता म्हण बदलायला लागंल, मॅडम.
मी म्हटलं, म्हण राहू दे. वही बदलू.

शेजारच्या टायरवाल्याकडे दोघे आले होते, मार्चमध्ये.
कोणाचा आवाज चढला नाही.
त्यांनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाले,
आणि पाच वर्षांच्या पावत्या मागितल्या.
पावत्या होत्या. एकूण एक होत्या.
मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, केळ्यांच्या खोक्यांत,
पाच उन्हाळे.
त्याने पहिलं खोकं उघडलं,
कागद कोरे.
दुसरं उघडलं. कोरे.
उकाड्याने शाई चाटूनपुसून नेलेली,
आणि एक खरं बोलणारा माणूस
पांढऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात धरून उभा.

त्याच संध्याकाळी शेठनी स्कॅनर आणला.
घासाघीस न करता.

आज ऑक्टोबरची अठ्ठावीस.
रिटर्न भरायचा शेवटचा दिवस
आणि ताळा जुळत नाही.
त्रेसष्टचा फरक.
"त्रेसष्ट दिरहम!" शेठ खिशात हात घालतात.
"ह्ये घ्या. लावा नि मोकळ्या व्हा."
पैसे नकोत, शेठ. आकडा हवाय.
पैसे टाकले की फरक मिटतो,
चूक तिथेच राहते,
वळचणीच्या पालीसारखी, कधी चुकचुकेल सांगता येत नाही.

त्रेसष्टला नवाने भाग जातो.
चिपळूणला शिकवणीत गद्रेसर सांगायचे:
फरकाला नवाने भाग गेला
तर चोर शोधू नका.
शेजारी बसलेल्या दोन आकड्यांनी
जागा बदललेली असते, एवढंच.

मगरिबची अजान झाली. खालचं वेल्डिंग थांबलं.
बहादूर कडक चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली.
जुलै संपला. ऑगस्टच्या ओळींवरून
पट्टी एकेक घर खाली सरकत होती.
अजमानचा सप्लायर. ऑईल फिल्टर, चार पेट्या.
बिलावर अठराशे एकोणतीस.
माझ्या हातचे अठराशे ब्याण्णव.

तारीख एकोणीस ऑगस्ट.

एकोणीस ऑगस्टला पहाटे साडेचारला
मी विमानतळावर होते.
मृण्मयीची बॅग काट्यावर
एकतीस किलो चारशे.
तिने चेन उघडली, कुकर काढला,
माझ्या हातात दिला. "पुण्यात मिळतो गं, आई."
मी तिथूनच दुकानात आले.
टेबलाखाली कुकर ठेवून
दिवसभर बिलं चढवली.

"सापडला?" शेठनी विचारलं.
सापडला.
"कुणाची चूक?"
माझी.
त्यांनी काही न बोलता खजुराचा डबा पुढे सरकवला.
मग जरा वेळाने,
"म्हंजे आता ते आले तरी..."
आले तर पाणी द्यायचं, शेठ. चहा नको म्हणतात.

नऊ वाजून दहा मिनिटांनी रिटर्न गेला.
शेठ गल्ल्याची किल्ली फिरवत
जुनीच म्हण पुटपुटले, पण हसले नाहीत,
शब्द तपासून पाहिल्यासारखे.

मी पर्स आवरली.
आतल्या कप्प्यात एक चिठ्ठी निघाली:
शारजा विमानतळ, पार्किंग, वीस दिरहम,
एकोणीस ऑगस्ट.
हा धंद्याचा खर्च नाही.
कुठल्याच रकान्यात बसत नाही.
वेळेचे आकडे अर्धे उडाले होते,
तारीख अजून वाचता येत होती.

स्कॅनर गरमच होता.