सेटलमेंट, मिलिमीटरमध्ये

महापे एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागे
आमची माती तपासायची लॅब आहे.
उलव्याहून काळा चिखल येतो पत्र्याच्या नळ्यांतून,
दोन्ही टोकांना मेण लावून,
वर मार्करने लिहिलेलं : बोअर चार, सहा मीटर.

मी त्याची चकती कापते, भाकरीहून लहान, पेढ्याहून मोठी,
पितळी कड्यात बसवते, वर वजन ठेवते
आणि डायलवरचा काटा वाचते.
एक मिनिट, चार, नऊ, सोळा,
मग एकदम दुसऱ्या दिवशी सकाळी.
वजन दुप्पट. पुन्हा पहिल्यापासून.
काटा जितका खाली गेला
त्याला रिपोर्टात म्हणायचं सेटलमेंट.

कुमुदमावशीचा फोन बरोब्बर नवव्या मिनिटाला येतो.
तुझं काय गं, सेटल कधी होणार?
वृंदाचा हर्षल बघ, खारघरला टू बीएचके,
झाला की नाही सेटल?
किती, मी विचारते.
किती काय?
किती मिलिमीटर?
मावशी आईला सांगते, पोरगी चिखलात राहून बिघडली.

घरतांना विचारलं, याला मराठीत काय म्हणायचं?
घरत बोअरवरून नळ्या आणतात,
त्यांच्या आजाचं मिठागर होतं.
बसणं, ते म्हणाले.
मीठ बसतं. जम बसतो. घडी बसते.
घसा बसतो, आणि धंदा बसला
तर तोही बसलाच म्हणायचा.
मग नळीवरचं मेण नखानं खरवडत :
जमिनीचा चेक आला तेव्हा
आमचा बापूस ओटीवर बसला,
तीन दिवस उठलाच नाही.
कागदावर शिक्का होता, सेटल्ड.

चहा आला. कटिंग दोन.

एक गोष्ट कुठल्याच रिपोर्टात लिहायला जागा नसते.
माती बसते तेव्हा कड्याच्या काठावर पाणी दिसतं,
थेंबसुद्धा नाही, नुसती ओल.
आतली खाडी सोडत सोडत ती बसते.
वाळू चटकन सोडते.
हा चिखल फार चिवट,
बिल्डर सारखे विचारतात, अजून किती दिवस?

आज आठवा.
काटा थांबलाय असं वाटतं, आणि
डोळा बारीक करून पाहिलं तर हलतोय.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिते :
नमुना अजून स्थिर नाही.

फोन थरथरतो टेबलावर. मावशी.
सोळावं मिनिट चालू आहे.
आधी आकडा लिहून घेते.