चौदा नंबर

इटलीहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी
स्वेटरच्या खिशात किल्ली निघाली.
पितळी बिल्ला, वर चौदा.
रामबागेच्या पोस्टात विचारलं,
पाठवायचे म्हणे बाराशे.

तिथे रोज कोणीतरी चादर इतकी ताठ घालायचं
की बसायचा संकोच वाटे.
हे उकडलेल्या अंड्यावर
घरून नेलेलं जिरावण भुरभुरवत,
आणि समोर समुद्र,
काही कामच नसल्यासारखा.

इंदुरात नर्मदा येते दिवसाआड,
पहाटे साडेपाचला.
आधी नळ खोकतो,
मग पाणी ड्रमात आदळतं
आणि मी अर्धवट झोपेत
भिंतीवर बाल्कनीचं दार चाचपते.

किल्ली खिळ्याला टांगली आहे.
लोंढेवहिनींनी विचारलं, कुठली हो?
वरच्या खोलीची, म्हटलं.

वर तर नुसती टाकी आहे.