खालून सुरुवात कर

पहिल्याच फेरीत माझं पोट घशाशी आलं होतं.
सॅमन माशांचा रिकामा ट्रक खालच्या डेकवर साखळ्यांनी जखडलेला,
वर मी, खिडकीपाशी, कागदी पिशवी हातात.
समोरची बाई म्हणाली, "सगळे क्षितिजाकडे बघायला सांगतात.
काही होत नाही त्यानं. हे बघ."
आणि फोन माझ्या पुढ्यात सरकवला.
गाजरं, टोमॅटो, सूर्यफुलं, अंडी.
आमच्या फेरो बेटांवर कधीच पिकलं नाही असं
आठ आडव्या, नऊ उभ्या चौकटींचं शेत.
आमच्याकडे गवत. मेंढ्या. थोडे बटाटे.

सुन्वा तिचं नाव, वय एकाहत्तर.
दर मंगळवारी गुडघ्याच्या व्यायामाला तोर्सहाव्नला,
आणि संध्याकाळच्या बोटीनं परत.

"खालून सुरुवात कर, होग्नी.
डोंगरात मेंढ्या वळवताना आपण वरून उतरतो,
इथे उलटं.
तळातली तीन गाजरं उपटलीस की वरचं सगळं कोसळतं,
आणि कोसळता कोसळता आपोआप काही जुळतं.
फुकटचं असतं ते. फुकटचं नाकारू नये."

मी तीन अंडी जुळवायला गेलो,
तिनं बोटावर चापट मारली.
"तीन दिसली की झडप घालायची नाही. चौथं शोध.
चार जुळली की नांगर मिळतो,
अख्खी ओळ साफ करतो.
पाच जुळली तर...
जाऊ दे, बघशील तेव्हा बघशील.
आणि फावडं हातात आहे म्हणून चालवू नकोस.
आमचा पेतुर नवं हत्यार आणलं की
आधी धडधाकट कुंपण पाडून बघायचा."

बोट कलली. कुणाचा तरी कॉफीचा कप घरंगळत गेला.
"चिखल कोपऱ्यातला आधी काढ.
मधला येता-जाता निघतो,
कोपऱ्यात मुद्दाम जावं लागतं,
माझ्या नणंदेकडे जावं लागतं तसं."

खिडकीतून स्टोरा डिमुन गेलं.
त्या बेटावर एकच घर,
खरं शेत, खऱ्या गायी.
आम्ही दोघांनीही मान वर केली नाही.

"अरे, गुण कसले मोजतोस?
वर काय मागितलंय ते वाच.
बावीस टोमॅटो हवेत, आणि तू सूर्यफुलांत रमलायस."

शेवटी एकच टोमॅटो कमी पडला.
चाली संपल्या.
पडद्यावर हसरी कोंबडी आली:
आणखी पाच चाली, अमुक इतके पैसे.
माझा अंगठा निघालाच होता,
तिनं पडद्यावर तळहात ठेवला.
"हरायचं.
विकतच्या पाच चालींत माणूस
आधीच्याच पाच चुका पुन्हा करतो.
अर्ध्या तासानं एक जीव परत येतो.
ही बोट म्हणजे चार जीव."

धक्का आला तेव्हा लक्षात आलं,
पिशवी कोरडीच होती.
तिनं ती घडी करून पर्समध्ये टाकली,
"उद्या पाव ठेवायला होईल."

रात्री दोन चाळीस.
मासळीच्या कारखान्यामागे बर्फाची वाट बघत
ट्रकमध्ये बसलेलो,
पाचवा जीवही घालवून.
फोन उजळला:
सुन्वानं तुम्हाला एक जीव पाठवला आहे.

म्हणजे गुडघा तिला झोपू देत नव्हता.

नवं शेत उघडलं.
तळाशी तीन गाजरं, अगदी हाताशी.
मी चौथं शोधत बसलो.